सर्व्हरला सावकाश बोलायला शिकवलं तेव्हा

मी ज्या संस्थेत काम करते ती विहिरींचा अभ्यास करते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या काचेच्या उंच इमारतींच्या मागच्या गल्लीत एका दुमजली घरात आमचं ऑफिस आहे. आम्ही पंधरा जण. चौदा जणांना पाणी कळतं आणि मला संगणक कळतात. प्रिंटर अडला, वायफाय गेलं, कुणी पासवर्ड विसरलं, की हाक मला येते. पण माझं खरं काम म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणं.

मेल सर्व्हर म्हणजे संस्थेचं टपाल उतरवून घेणारं यंत्र. हल्ली लहान संस्था असलं यंत्र स्वतः ठेवत नाहीत, मोठ्या कंपन्यांकडून ती सोय घेतात. आमच्या संचालकांना ते पटत नाही. ते धारवाडकडचे, साठीला आलेले, सावकाश बोलणारे. आमचं बोलणं कन्नडमधून चालतं. मी नोकरीला लागले त्याच दिवशी ते म्हणाले होते, "लोकांनी आपल्या अंगणातल्या विहिरींच्या नोंदी विश्वासानं दिल्यात. त्या आपल्याच घरात राहिल्या पाहिजेत." मी मूळची निपाणीची. आमच्याकडे पाण्याच्या नोंदी म्हणजे हंड्यांचा हिशोब. त्यामुळे ते वाक्य मला तेव्हा जरा जास्तच गंभीर वाटलं होतं.

मार्चअखेरीला स्पॅमनं कहर केला. 'तुमचं कुरिअर अडकलंय, इथं दाबा', 'तुमची मेलपेटी भरलीय, पासवर्ड द्या', असल्या पत्रांचा रोज सकाळी ढीग पडायचा. एक दिवस खुद्द संचालकांच्या नावानं सगळ्यांना पत्र गेलं, की मी मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठवा. आमच्या हिशोब बघणाऱ्या बाईंनी ते खरं मानून दुकानापर्यंत मजल मारली होती. दुकानदारानंच त्यांना परत पाठवलं.

"याचं काहीतरी कर," संचालक म्हणाले.

मी दोन दिवस वाचत बसले. आणि वाचता वाचता एक युक्ती सापडली, ती मला फार आवडली. कुठलंही पत्र पाठवणारं यंत्र आधी आमच्या यंत्राला हाक मारतं. आमचं यंत्र लगेच 'हां, बोला' म्हणतं आणि मग व्यवहार सुरू होतो. युक्ती अशी, की ते 'हां, बोला' लगेच म्हणायचंच नाही. तीस सेकंद गप्प राहायचं. स्पॅमवाल्यांना लाखो दारं ठोठावायची असतात, त्यांना एका दाराशी थांबायला सवड नसते. त्यांची यंत्रं निघून जातात, नाहीतर उत्तराची वाट न बघता आपणच बडबडायला लागतात, आणि तिथंच पकडली जातात. सज्जन यंत्रं थांबतात. नियमच तसा आहे, पाच मिनिटं थांबावं असं लिहून ठेवलंय. पाच मिनिटांपुढे तीस सेकंद म्हणजे काहीच नाही.

मी सेटिंग बदललं आणि लॉग उघडून बसले. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी, कोण कधी आलं, काय बोललं, कधी गेलं. ओळी सरकायला लागल्या. कुणी चार सेकंदांत पळालं. कुणी अकरा. कुणी मधेच बोलायला गेलं आणि पकडलं गेलं. मला तर खेळच सापडला. डबा खाता खाता मी पडद्याकडे बघत बसायची. हा थांबतो का बघू, हा जाईल, हा गेलाच. शेजारची मैत्रीण म्हणायची, "अगं, मासे पाळलेयत का तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या पेट्या स्वच्छ होत्या. संचालक माझ्या टेबलापाशी येऊन नुसते "भले" म्हणाले आणि गेले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

यश मिळालं की माणूस तिथं थांबत नाही. मी विचार केला, नुसत्या पहिल्या हाकेला उशीर करण्यानं एवढा फायदा, तर प्रत्येक वाक्यालाच उशीर केला तर? पत्र पाठवणाऱ्याचं यंत्र आणि आमचं यंत्र यांच्यात पाच-सहा वाक्यांचं बोलणं होतं. कोणाकडून आलात, कुणासाठी, द्या, मिळालं. मी या प्रत्येक उत्तराआधी थांबा टाकला. स्पॅम आणखी घटलं. मी खूश.

आठवड्याभरानं संचालकांनी बोलावलं. चेहरा वैतागलेला. हैदराबादच्या एका प्राध्यापकांकडून त्यांना कार्यशाळेचं निमंत्रण आलं होतं. तेच पत्र, तोच मजकूर, सहा वेळा.

"मी काल होकार कळवला," ते म्हणाले, "तरी आज पुन्हा दोनदा. हा माणूस असा मागे लागणारा नाही. काल फोनवर मी जरा तोडूनच बोललो. तर तो म्हणाला, मी एकदाच पाठवलंय."

मी रोजनिशी काढून बघितली. प्राध्यापकांच्या यंत्रानं पत्र दिलं होतं, आमच्यानं घेतलंही होतं. पण 'मिळालं' हा शेवटचा शब्द उच्चारायला मीच त्याला उशीर करायला लावला होता. पलीकडच्या यंत्राला तेवढा धीर नव्हता. त्यानं बोलणं तोडलं, पत्र पोचलं नाही असं समजून थोड्या वेळानं पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पत्र दर वेळी पोचत होतं, आणि पाठवणाऱ्याला दर वेळी वाटत होतं की नाही पोचलं.

मी संचालकांना हे सांगितलं. त्यांनी सहाही निमंत्रणं पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याच्यावर उगीच चिडलो."

"हो सर."

"फोन करावा लागेल." आणि त्यांनी माझ्या समोरच तो केला. सहा निमंत्रणांबद्दल त्यांनी त्या गृहस्थांची माफी मागितली, तीही इतकी सविस्तर, की मलाच लाजल्यासारखं झालं. मी जागेवर जाऊन शेवटच्या शब्दाचा उशीर काढून टाकला.

तरी बाकीचा ठेवला. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सकाळी मी बनशंकरीहून मेट्रोत बसले, आर. व्ही. रोडला बदलून पिवळ्या मार्गाच्या गाडीत चढले, तेवढ्यात ऑफिसातून फोन. कुणालाच सकाळपासून एकही पत्र आलं नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही.

ऑफिसला पोचून बघते तर आमच्या यंत्राच्या शंभरच्या शंभर खिडक्या भरलेल्या. एका वेळी शंभर जणांशी बोलता येईल एवढीच त्याची बैठक. त्या शंभरही जागांवर कुठली कुठली यंत्रं शांतपणे बसून होती. तीच, जी पळून जातील असं मी धरून चालले होते. ती पळाली नव्हती. त्यांच्या मालकाकडे अशी हजारो असणार, लोकांच्या घरातली, त्यांच्या न कळत ताब्यात घेतलेली. एकेकाला तासभर बसवून ठेवलं तरी त्याचं काय बिघडत होतं? थांबवत होते मी, पण खोळंबलं होतं आमचंच यंत्र. एखाद्याचा हात धरून ठेवला की आपलाही हात अडकतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आणि बाहेर खरं टपाल घेऊन आलेली यंत्रं जागा नाही म्हणून परत फिरत होती.

मी सगळं मागे घेतलं. फक्त पहिल्या हाकेचे तीस सेकंद ठेवले. हे काही कुणाला बाधत नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला माझा खेळही सोडवत नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिसेप्शनवरून निरोप आला, की एक बाई भेटायला आल्यात. कशासाठी ते सांगत नाहीत, म्हणतात, यंत्र कोण बघतं त्यालाच बोलवा.

सत्तरी ओलांडलेल्या बाई. सुती साडी, पाठीला कॉलेजातल्या पोरींसारखी सॅक, पायांत बूट. त्यांनी सॅकमधून एक वही काढली, मग एक प्लॅस्टिकचा डबा, आणि डब्यातून काडेपेटीएवढं एक सर्किट बोर्ड. ते टेबलावर ठेवून कन्नडमधून म्हणाल्या, "हे तुमच्या यंत्राशी बोलायला जातं. तुमचं यंत्र याच्याशी बोलत नाही. मार्चपासून."

मी पाणी द्यायला सांगताना रिसेप्शनवरच्या मुलीशी काही बोलले असेन, त्यात एखादा मराठी शब्द गेला असेल. त्यांनी मान वळवली. "मराठी काय गं तू?"

"होय. निपाणीची."

"सरी, ठीकच की! मग एवढा वेळ कन्नड कशाला बोलतोय आपण?" त्या मोकळ्या हसल्या. "आमचे लोक तीनशे वर्षांमागं इकडं आले म्हणतात. मल्लेश्वरमला आमच्या आज्जाचं घर. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात बघ."

"मी नाही हसणार, अक्का. माझंही ऐकून हसतात."

अक्का मल्लेश्वरमच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसातल्या विहिरीत स्वतःच्या हातानं तरंगणारा चेंडू सोडला, त्याला तार लावली, तारेला हे बोर्ड. रोज सकाळी सहाला ते पाण्याची पातळी मोजून आमच्या संस्थेला मेल करायचं. मेल गेली की हिरवा दिवा लागायचा. विहिरींच्या नोंदी देणाऱ्या आमच्या अठ्ठावीस लोकांपैकी त्या एक. सात वर्षं एकही सकाळ चुकली नव्हती.

"मार्चअखेरीला दिवा लागेना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तार सुटली. सगळं काढलं, पुन्हा सोल्डरचा डाग दिला. नाही. मग सेन्सर बदलला. नाही. मग वाटलं, डोळ्यांनी नीट दिसत नाही, माझाच डाग कच्चा पडतोय. डॉक्टरकडं जाऊन चष्मा बदलला. तिसऱ्यांदा सगळं उसवलं. नाही." त्यांनी नवा चष्मा काढून दाखवला. "वय झालं की माणूस आधी स्वतःलाच धरतो बघ. दुसऱ्याचं चुकलं असेल हे सुचतच नाही."

"फोन करायचा होता की, अक्का."

"केला की! एप्रिलात केला. एका मुलीनं घेतला. मेल चालू आहे, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही म्हणाली. फार गोड बोलली."

ती मुलगी मीच. मला तो फोन आठवत होता. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि त्यांच्यावर डोळे ठेवूनच मी उत्तर दिलं होतं.

"अक्का, ती मी होते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे योग्य माणसाकडं आले. आता सांग, काय झालंय?"

मी तीस सेकंदांची युक्ती सांगितली. त्यांनी मधे मधे शिक्षकाच्या थाटात प्रश्न विचारले. आधी कोण बोलतं? उत्तर आलं नाही तर काय करायचं असतं? मग म्हणाल्या, "तीस सेकंद थांबायचा याला दम नाही. हे दहा सेकंद थांबतं आणि दार लावतं. दुसऱ्या दिवशीच पुन्हा ठोठावतं."

"मला तुमच्या घरी येऊन बघायचंय," मी म्हणाले. खरं तर ऑफिसात बसूनही ते कळलं असतं. पण त्या दहा सेकंदांबद्दल मला फार उत्सुकता वाटायला लागली होती.

शनिवारी गेले. घर जुनं पण नीटनेटकं, विहिरीला वरून जाळी, शेजारी कढीपत्त्याचं झाड. अक्कांनी बोर्ड जागेवर बसवलं, हातात घड्याळ घेतलं, आणि मला विहिरीच्या कट्ट्यापाशी उभं केलं. "मी बटन दाबते. तू तिकडं तुझी रोजनिशी बघ." मी लॅपटॉप कट्ट्यावर ठेवला. त्यांनी बटन दाबलं आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. पडद्यावर ओळ उमटली, कुणीतरी आलं. त्या दहा म्हणाल्या आणि दुसरी ओळ उमटली, गेलं. बस. एवढंच.

ती ओळ मी कितीतरी वेळ बघत राहिले. तिच्यात एक आकडा होता, ज्या इंटरनेट जोडणीवरून हाक आली तिचा. अक्कांच्या घरचा तो आकडा दर काही दिवसांनी बदलतो. आणि दुसरं काही नव्हतं. नाव नाही, विहीर नाही, मल्लेश्वरम नाही. कारण नाव सांगायची पाळी येते ती 'हां, बोला' म्हटल्यानंतर. आमच्या यंत्रानं तोंडच उघडलं नव्हतं, तर पलीकडचं कोण हे कसं कळणार? दोन महिने मी डबा खात खात अशा ओळी बघून खूश होत होते. त्यातली रोज सकाळची सहाची एक ओळ या विहिरीची होती.

"अक्का, दहाच सेकंद का ठेवलेत?" मी विचारलं. मनात होतं की काही सुंदर कारण निघेल. शाळेतल्या वर्गात प्रश्न विचारून त्या तेवढंच थांबत असतील, असलं काहीतरी.

"मी कुठं ठेवलं? ज्या पुस्तकातून प्रोग्रॅम उतरवला, त्यात दहाच होतं. मी तसंच ठेवलं." मग चष्म्यावरून बघत, "तुझे तीस का गं?"

मी उत्तर शोधायला लागले आणि मला हसू फुटलं. "मी वाचला त्या लेखात उदाहरणाला तीस लिहिलं होतं."

अक्काही हसल्या. हसता हसता कट्ट्यावर बसल्या. "म्हणजे कुणीतरी एकानं दहा लिहिलं, कुणीतरी दुसऱ्यानं तीस. ना तू विचार केलास, ना मी. आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आले."

त्यांनी कॉफी केली. कॉफी पिताना त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो मला तोपर्यंत सुचला नव्हता. "माझ्याकडं दिवा होता म्हणून मला कळलं. ज्यांच्याकडं दिवा नाही, त्यांचं काय?"

तोवर मला वाटत होतं, की एवढे दिवस अक्कांची पत्रं आली नाहीत तर आमच्याकडे कुणाला कसं कळलं नाही, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सोपं होतं. नोंदी एका वेगळ्या पेटीत साठायच्या, ती पेटी बघणारी संशोधक बाळंतपणाच्या रजेवर होती. पण अक्कांचा प्रश्न वेगळा होता. अठ्ठावीसांतले बरेच जण फोनवरून आकडा लिहून पाठवायचे. त्यांची पत्रं मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांमधून येतात, ती यंत्रं तीस सेकंद आरामात थांबतात. अडचण फक्त बोर्डवाल्यांची. सोमवारी मी यादी काढली. अक्का धरून पाच बोर्डं होती. पाचही गप्प.

अक्का म्हणाल्या, "फोन मी करते. तू केलास तर गोड बोलशील आणि कुणी खरं सांगणार नाही."

त्या मंगळवारी ऑफिसात येऊन बसल्या. मी शेजारी. पहिल्या दोघांच्या बोर्डात आकडे साठवायची चिप होती, नोंदी शाबूत निघाल्या. तिसऱ्याचं बोर्ड गेल्या दिवाळीतच उंदरानं कुरतडलं होतं, त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता. ते ऐकून मला विनाकारण बरं वाटलं. चौथा फोन कोलारच्या वाटेवरच्या एका गावातल्या शाळेला. तिथले मुख्याध्यापक बोलले. अक्कांनी फोन स्पीकरवर टाकला.

"हो, दिवा लागायचा बंद झाला," ते कन्नडमधून म्हणाले. "आठ-दहा दिवस बघितलं. मग म्हटलं, योजना संपली असेल. योजना अशाच संपतात ना, मॅडम. येऊन कुणी सांगत नाही. बोर्ड काढून कपाटात ठेवलं. काळजी करू नका, जपून ठेवलंय."

"आणि विहीर?" अक्कांनी विचारलं.

"विहीर आटली."

मी पुढे झुकले. "कधी आटली, सर?"

"कधी म्हणजे... एप्रिलात परीक्षा चालू होत्या, तेव्हा दोर पुरत होता. मग सुट्टी लागली. शाळा उघडली तर तळ दिसत होता. दिवस नाही सांगता येणार."

"कुणी लिहून ठेवलंय?"

"तुमचं यंत्र लिहितंय म्हणून तर आम्ही वहीत लिहायचं सोडलं होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं.

अक्कांनी फोन ठेवला. त्यांची वही टेबलावर उघडी होती. मार्च ते जून, रोजची तारीख आणि रोजची पातळी, निळ्या शाईत. बोर्ड बसवूनही त्यांनी वही सोडली नव्हती. मी विचारलं नव्हतं तरी त्या म्हणाल्या, "माझं काय, मला सवय होती. त्या शाळेनं तुमच्यावर विश्वास ठेवला."

त्याच दुपारी मी पहिल्या हाकेचा उशीरही काढून टाकला. बोर्डांसाठी एक वेगळं दार उघडलं, पासवर्ड सांगून येण्याचं, तिथं कुणाला थांबवायचं नाही. स्पॅम परत आलं, पूर्वीइतकं नाही, पण आलं. आता मी ती पत्रं आत घेतल्यावर वाचून, चाळून बाजूला काढते. त्यात माझा वेळ जातो, यंत्राचा जातो. शेजारची मैत्रीण अधूनमधून कुरिअरवाल्या पत्रांची तक्रार करते. मी ऐकून घेते. चूक झाली तर निदान कोणाचं पत्र अडवलं ते मला बघता येतं आणि सोडवता येतं.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्या शाळेत गेले. बोर्ड कपाटातून निघालं, खरंच जपून ठेवलेलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. मी त्याला नवं दार शिकवलं, दिवा लागला. मुख्याध्यापकांनी मला विहिरीपाशी नेलं. कोरड्या तळाशी एक पिवळी बादली आडवी पडली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, तीस सेकंद, दहा सेकंद, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आमचं बोर्ड रोज येत होतं?"

"बोर्ड कपाटात जाईपर्यंत रोज येत होतं, सर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. का ठीक आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक त्यांना वाटलं असावं, की आपल्या बाजूनं कसूर नव्हती.

संचालकांना मी आधीच सगळं सांगितलं होतं. ते चिडले नाहीत. जुलैत अहवालाचं काम निघालं तेव्हा त्यांनी मला बोलावून शाळेच्या विहिरीचा आलेख दाखवला. मार्चअखेरीपर्यंत रेघ खाली खाली येत होती, मग कोरी जागा, मग जूनमध्ये शून्यावर एक ठिपका. रजेवरून परत आलेली संशोधक शेजारी उभी होती. ती म्हणाली, "दोन टोकं जोडून टाकू या का, सर? उतार साधारण सारखाच आहे. अंदाजानं मेचा पहिला आठवडा येतो."

संचालकांनी मान हलवली. "नाही. आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्यासारखं काढायचं नाही." मग मला म्हणाले, "कोऱ्या जागेखाली टीप लागेल. ती तू लिही, मराठीत चालेल, मला वाचता येतं. काय झालं ते तुलाच ठाऊक आहे."

मी जागेवर येऊन बसले. पहिल्यांदा लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे नोंदी उपलब्ध नाहीत.' ते खोडलं. मग लिहिलं, 'स्पॅम रोखण्याच्या उपायामुळे काही नोंदी गहाळ.' तेही खोडलं, कारण नोंदी गहाळ झाल्या नव्हत्या, त्या आणून देणाऱ्याला आम्ही बोलू दिलं नव्हतं. अक्कांना फोन करून दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "स्वल्प सरळ लिही गं. शाळेतलं मूल वाचणार आहे असं समजून लिही."

एवढ्याशा टिपेसाठी सगळी दुपार गेली. शेवटी मी लिहिलं, 'मार्चअखेरीपासून या शाळेचं यंत्र नोंद घेऊन येत होतं. आमच्या सर्व्हरनं त्याला वेळेवर उत्तर दिलं नाही, म्हणून शाळेनं ते काढून ठेवलं. त्यामुळे विहीर नेमकी कोणत्या दिवशी आटली, ते कुणालाच माहीत नाही.'

संचालकांनी ते दोनदा वाचलं, एक शब्दही न बदलता कन्नडमध्ये उतरवलं, आणि छापायला दिलं.